रक्ताला न आठवलेला आजार

"आत येऊ नकोस. उंबऱ्यावर उभी राहा नि काय ते तिथूनच सांग."

बंद दाराआडून आलेला आईचा हा आवाज मी सात वर्षांची असताना ऐकला. आवाज आईचाच, पण कुणीतरी मानेला धरल्यासारखा. आत ठकी होती, माझी धाकटी बहीण, तीन वर्षांची. तिच्या अंगावर कांजिण्या उठल्या होत्या, मला लागण होऊ नये म्हणून मी अंगणापलीकडे मालकीणकाकूंकडे राहत होते. बाबा दूर बंदरावर कामाला, वर्षातून दोनदा घरी येणारे. बारा दिवस मी त्या उंबऱ्याशी जाऊन उभी राहिले आणि बारा दिवस दार उघडलं नाही. फटीतून फक्त एक वास यायचा, आंबूस आणि गोडसर, आणि सकाळी आई वर्तमानपत्रात गुंडाळलेले कापसाचे बोळे बाहेर ठेवायची. एकदा एक पुडी सुटली होती. बोळे पिवळे होते.

या गोष्टीला अठ्ठावीस वर्षं झाली. मी आता एका प्रयोगशाळेत रक्त तपासते. सूक्ष्मदर्शकात सतत डोळा घालून बसते म्हणून ठकी मला भिंगाताई म्हणते, आणि रागावली की नुसती भिंग.

गेल्या सोमवारी संध्याकाळी ठकी घरी आली ती दारातूनच म्हणाली, "भिंगाताई, आज आमच्या बालवाडीत एक नग निघाला. दिवसभर माझ्या मांडीवर बसून गोष्ट ऐकली, माझ्याच पदराला नाक पुसलं, आणि जाताना सदरा वर करून दाखवतोय, बाई, बघा, मला मोती आलेत!"

"कसले मोती?"

"कांजिण्या ग. अंगभर. चार दिवस घरी बसवतील त्याला, मजा आहे बेट्याची."

माझ्या हातातला पेला हातातच राहिला. ठकीला चौथा महिना होता. लग्नाला सहा वर्षं झाल्यावर, दोनदा हाती आलेलं निसटल्यावर राहिलेला हा गर्भ. ती जिना चढली तरी आम्ही सगळे मनात पायऱ्या मोजत होतो.

"अशी काय बघतेस?" ती हसली. "मला झाल्यात की लहानपणी! पाठभर पावत्या आहेत. एकदा झाल्या की पुन्हा होत नाहीत, तूच सांगतेस ना?"

"झाल्याच होत्या तिला," आई स्वयंपाकघरातून म्हणाली. फार लगेच म्हणाली. मला तेव्हाच काहीतरी टोचलं, पण काय ते कळलं नाही.

"तरी उद्या रक्त दे," मी म्हणाले.

"बघ आई, हिचा बहिणीवरसुद्धा विश्वास नाही!"

"माझा कुणावरच नाही. आणि तुझ्या रक्ताचाही कुणावर नाही, म्हणून तर तू जगलीस."

मग तिनं विचारलं म्हणून मी सांगत बसले, आणि तिला गोष्टी सांगायची सवय असल्यामुळे तिला कळेल अशा भाषेत सांगितलं. "तुझ्या अंगात एक खाष्ट सासू बसलीय असं समज."

"बाहेर आहे ती पुरे झाली, आत कशाला?"

"ऐक तर. ती येणाऱ्याजाणाऱ्याला एकच विचारते, आपला की परका? जिवाणू असला तर तो उघड्यावर हिंडतो, खातो, पितो, वाढतो. त्याला गाठून पांढऱ्या पेशी सरळ गिळतात. गिळतात आणि स्वतःही मरतात. जखमेत पू होतो ना, तो त्यांच्याच प्रेतांचा ढीग."

"ईऽ! मला आधीच मळमळतंय."

"विषाणू मात्र लबाड. तो पेशीच्या घरात शिरतो आणि तिच्याच चुलीवर आपला स्वयंपाक मांडतो. बाहेरून घर जसंच्या तसं. मग ओळखायचं कसं? तर प्रत्येक पेशीला शिस्त आहे, आत जे काही शिजतंय त्याचा एकेक घास दाराबाहेर टांगून ठेवायचा. गस्तीच्या पेशी घरोघर जाऊन तो घास हुंगतात. परका निघाला की आतल्या चोरासकट घर पाडतात."

"घरवालीचा काय दोष ग त्यात?"

"दोष नाही. पण तिला सोडलं तर सगळी आळी जाते." मी म्हणाले, "आणि लढाई संपली की काही पेशी, तू म्हातारी होईपर्यंत, तो चेहरा लक्षात ठेवतात. तीच ती आठवण. पुन्हा तोच चोर आला की त्याच्या मापाची प्रतिपिंडं पटापट तयार होतात, चोराला चिकटतात, त्याला दारातच अडवतात. तुला कांजिण्या झाल्या असतील तर ती प्रतिपिंडं रक्तात सापडतील. माणूस विसरतो, रक्त विसरत नाही."

आईच्या हातातून ताटली पडली. फुटली नाही, गोल गोल फिरत राहिली.

आमच्या प्रयोगशाळेत एक नियम आहे, नात्यातलं रक्त दुसऱ्याच्या हाती द्यायचं. मी ठकीची नळी मास्तरांना दिली. मास्तर म्हणजे आमचे वरिष्ठ; शिकवलं त्यांनी कधीच नाही, पण चुका लाल पेनानं काढतात म्हणून मास्तर. तपासणीची ताटली म्हणजे प्लास्टिकचा तुकडा, त्यात करंगळीचं टोक मावेल एवढे शहाण्णव खळगे. खळग्यांच्या तळाशी विषाणूचे तुकडे चिकटवलेले असतात. वर रक्ताचं पाणी घालायचं. त्यात ओळखीची प्रतिपिंडं असतील तर ती तळाला घट्ट धरून बसतात, नसतील तर धुण्याबरोबर वाहून जातात. शेवटी रंग घातला की ओळख असलेला खळगा पिवळा होतो, नसलेला पाण्यासारखा राहतो.

मी मास्तरांच्या मागे उभी राहून धुणी मोजत होते.

"तीनच वेळा धुतलंत?"

"पाच. तू आल्यापासून तीन. हट बरं तिकडे, मानेवर श्वास घेतेस, हात थरथरतोय माझा."

ताटली यंत्रात गेली. एका बाजूला माहितीतला होकार, गडद पिवळा. दुसऱ्या बाजूला माहितीतला नकार, स्वच्छ. आणि मध्ये ठकीचा खळगा: पिवळा म्हणावं तर पिवळा नाही, पांढरा म्हणावं तर पांढरा नाही. भिजवलेल्या गवताच्या काडीसारखा.

"काठावर," मास्तर म्हणाले. त्यांनी पुन्हा दोन खळगे लावले. पुन्हा काठावर, पहिल्यापेक्षा जरा खालीच.

"ज्याला खरंच होऊन गेल्या त्याचा खळगा असा असतो?"

"सहसा असा नसतो. कधीकधी ओळख नसतानाही थोडं काहीबाही तळाला चिकटतं. कधीकधी ओळख असते पण फिकी झालेली असते. यंत्र मन वाचत नाही, बाई." त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "घरात विचार ना. आई आहे ना तुमची?"

आई होती. आणि आई होच म्हणत होती.

गुरुवारी ठकीच्या डॉक्टरीणबाईंनी अहवाल उलटसुलट करून पाहिला. त्या कमी बोलणाऱ्या, पण एकेक वाक्य दोनदा तपासून बाहेर सोडणाऱ्या. "लस आता देता येत नाही, ती जिवंत विषाणूची, पोटात बाळ असताना नाही चालत. दुसरा उपाय आहे. ज्यांच्या रक्तात ही प्रतिपिंडं भरपूर आहेत अशांच्या रक्तातून ती काढून इंजेक्शन करतात. उसनं सैन्य म्हणा. पण ते लागण झाल्यापासून दहा दिवसांच्या आत द्यावं लागतं आणि ते आमच्याकडे नसतं, मोठ्या साठ्यातून मागवावं लागतं. उद्या दुपारी बारापर्यंत मागणी गेली तर शनिवारी येईल. पुढची गाडी पुढच्या गुरुवारी, तेव्हा अकरावा दिवस उजाडेल."

"मग मागवा ना," मी म्हणाले.

"अहवाल ठाम नकार असता तर साठ्याच्या लोकांनी काही विचारलंही नसतं. काठावरचा असेल तर ते पहिला प्रश्न विचारतात, आजार होऊन गेलाय का? झालाय असं लिहिलं की मागणी परत. साठा थोडा आहे, ज्यांना खरंच काही नाही अशांसाठी तो राखतात." त्यांनी ठकीकडे पाहिलं. "आईला आठवतंय, पाठीवर खुणा आहेत. म्हणजे तुम्ही सुरक्षित आहात असंच मी धरायला हवं. आणि तसं असेल तर आनंदच आहे."

"आणि तसं नसेल तर?"

डॉक्टरीणबाईंनी अहवाल मिटून ठेवला. "तर कांजिण्या हिला जड जातील, फुप्फुसात उतरू शकतात. आणि बाळाच्या बाबतीत, कमी वेळा होतं, पण होतं. मी आत्ता घाबरवणार नाही."

ठकीनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि सोडलं, गुंडाळलं आणि सोडलं.

परतताना ती म्हणाली, "तू आईच्या मागे लागू नकोस हं. ती लागलीच कोमेजते. आणि खोटं कशाला बोलेल ती? माझं बाळ मी तिच्याकडेच ठेवणार आहे, माझी बालवाडी पुन्हा सुरू झाली की. तिच्या हातात आपल्याला कधी ओरखडा उठला नाही."

माझ्या डोक्यात पिवळे बोळे फिरत होते.

कांजिण्यांच्या फोडांत पाणी असतं. पू नसतो. खाजवून खाजवून पिकले असतील, असं मी स्वतःशीच भांडले. लहान पोर, हात कोण धरणार? पण मग दुसरी गोष्ट. ठकी आणि मी एका गादीवर झोपायचो, एका पांघरुणात, तिचे पाय माझ्या पोटावर. कांजिण्या अंगावर दिसायच्या दोन दिवस आधीपासूनच दुसऱ्याला लागतात. मला त्या का झाल्या नाहीत? प्रयोगशाळेत लागले तेव्हा माझंही रक्त तपासलं होतं, कोरं निघालं होतं, म्हणून तर मला लस टोचली. तेव्हा मी आईला सहज विचारलं होतं, मी कशी वाचले ग? "तुला बाहेर ठेवलं होतं ना," ती म्हणाली होती. बाहेर ठेवलं ते नंतर. आधीच्या दोन दिवसांचं काय?

घरी आल्यावर मी ठकीला कुशीवर झोपवलं, टेबलावरचा दिवा ओढला.

"आता पाठीचाही अहवाल काढणार का?"

"गप पड."

त्या खुणा मी लहानपणापासून पाहत होते, आणि कधीच पाहिल्या नव्हत्या. आई ठकीला न्हाऊ घालताना त्यांवरून बोट फिरवत म्हणायची, ह्या माझ्या लेकीच्या चांदण्या. त्यामुळे आम्हाला चांदण्याच दिसत आल्या. आता दिव्याखाली पाहिलं. डाव्या खांद्यावर एक मोठा, सुरकुतलेला डाग, कडा दुमडलेल्या. त्याच्या खाली तीन लांबट, खाली ओघळलेले. मग बारीक बारीक, दूर दूर, उडालेले. कांजिण्या उठतात तेव्हा पोटावर, डोक्यात, कानामागे, जिथे तिथे उठतात. ठकीच्या पोटावर एक नव्हती. कानामागे एक नव्हती. ह्या सगळ्या एकाच बाजूनं आल्या होत्या. वरून. आणि ओघळल्या होत्या.

"काय ग?" ठकी म्हणाली. "हात गार का पडला तुझा?"

"काही नाही. चांदण्या मोजतेय."

आई बाहेरच्या खोलीत शेजाऱ्यांच्या सदऱ्यांना इस्त्री करत होती. पूर्वी तिचा हाच धंदा होता. आमच्या दोन खोल्यांतल्या आतल्या खोलीत मोठा स्टोव्ह, त्यावर पातेलं, त्यात दवाखान्यातले पांढरे कोट आणि टोप्या कडक करायचं पीठ रटरटायचं. आता तेवढं होत नाही, तरी दोनचार सदरे ती घेतेच, हात रिकामा राहिला की तिला करमत नाही.

मी समोर बसले. "आई, तेव्हा फोड आधी कुठे उठले? पोटावर की पाठीवर?"

"कुणाला आठवतंय! काल आमटीत मीठ घातलं की नाही ते मला सांगता येत नाही."

"डॉक्टर कोण आले होते?"

"आले होते कुणीतरी."

"पू झाला होता ना?"

इस्त्री थांबली. मग पुन्हा चालू लागली, पण त्याच बाहीवर, जी झाली होती. "तुझं काम रक्ताशी, माझं कपड्यांशी. तुझ्या त्या भिंगाखाली आता आईला ठेव, म्हणजे झालं."

मी उठले नाही. बोलायचं नसलं की ती गुणगुणते, तशी गुणगुणू लागली. तिची जुनी ओवी, कपडे कडक करताना म्हणायची ती:

पाण्यात खऽळ घाली,
सदरा झाला ताठ;
तशीच लेकी राहो
सरळ तुझी पाठ.

पहिल्या ओळीत ती दर वेळी 'खळ' हा शब्द ओढते. तिथे दोन मात्रा कमी पडतात, गाणं लंगडतं, ती ते ओढून सावरते. मी हे हजारदा ऐकलं असेल. ओढून का म्हणते, हे मी कधी स्वतःला विचारलं नव्हतं. आज विचारलं. लंगडत होतं, म्हणजे तिथे आधी दुसरा शब्द होता. दोन लांब अक्षरांचा. मी मनातल्या मनात तो घालून पाहिला आणि ओळ सरळ चालू लागली.

पाण्यात कांजी घाली.

आमच्या घरात त्या पिठाला पूर्वी कांजीच म्हणत. 'कांजी लागली तळाला', 'कांजीला हात लावू नका ग'. आणि मग कधीतरी तो शब्द घरातून गेला, एखादं माणूस गेल्यासारखा, आणि खळ आली. कधी?

आणि तेव्हा मला अंगण दिसलं. मी मातीत बसलेय, आतून किंकाळी येतेय, मालकीणकाकू धावत दाराशी जातायत. आई दार किलकिलं करून उभी, तोंड पांढरंफटक, आणि तिच्या तोंडून शब्द फुटत नाही. "कांजी... कांजी..." ती एवढंच म्हणतेय. काकू मागे सरकतात. "कांजिण्या? अगबाई! मग मोठीला माझ्याकडे दे, हिला लागायला नकोत." आणि आई, आई काही बोलत नाही. फक्त मान हलवते. दार बंद होतं.

एका अर्ध्या शब्दाचा काकूंनी आजार केला होता, आणि आईनं तो तसाच राहू दिला.

"आई," मी म्हणाले, "कांजी होती ना?"

तिनं इस्त्रीचं बटण बंद केलं. वायर काढली, गुंडाळली, पुन्हा उलगडली. "ठकीच्या मनात काहीबाही भरवू नकोस. ती दोनजीवाची आहे."

"ती दोनजीवाची आहे म्हणूनच विचारतेय."

"झाल्या होत्या कांजिण्या. सांगितलं ना एकदा." आणि अर्धवट इस्त्री झालेला सदरा तसाच टाकून ती न्हाणीघरात गेली. नळ सोडल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला.

मी चिडले, ते मान्य करते. संशय हे माझ्या पोटापाण्याचं साधन आहे, पण तो आईवर वापरायचा म्हणजे स्वतःच्याच पेशीवर सैन्य सोडण्यासारखं. तसंही होतं कधीकधी, शरीर आपलंच घर परकं समजून जाळायला निघतं, आणि त्या आजारांना औषध फार नाही. मी घाबरत होते की मी तेच करतेय. आणि त्याहून घाबरत होते की तसं नाहीये.

शुक्रवारी सकाळी मी आईला म्हणाले, डॉक्टरीणबाईंनी तुला बोलावलंय. त्यांनी बोलावलं नव्हतं. आई काही न विचारता तयार झाली. ती तिचं ठेवणीतलं लुगडं नेसली, त्याला चुरगळ नव्हती, तरी वाटेत तिनं दोनदा निऱ्या सारख्या केल्या.

आम्ही पोचलो तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात सव्वाअकरा झाले होते. मी निरोप दिला होता तशी ठकी आधीच येऊन बसली होती. आईला पाहून तिनं डोळे मोठे केले. "हे काय, वऱ्हाड घेऊन आलीस का भिंगे?"

डॉक्टरीणबाईंनी आईला खुर्ची दिली. मी म्हणाले, "डॉक्टर, मला वाटतं तिला कांजिण्या झाल्याच नव्हत्या. त्या खुणा भाजल्याच्या आहेत."

"तुम्हाला वाटतं," त्या म्हणाल्या, "पण तुम्ही तेव्हा किती वर्षांच्या होतात?"

"सात."

"मी सात वर्षांच्या मुलीच्या साक्षीवर सही करू शकत नाही. खुणा पाहिल्या मी. विचित्र आहेत खऱ्या. पण जुन्या आहेत, पिकून भरलेल्या आहेत, शपथेवर काही सांगता येणार नाही." त्या आईकडे वळल्या, खाली वाकल्या, त्यांचा आवाज मऊ झाला. "आजी, तुम्ही होतात. एकदाच विचारते, पुन्हा विचारणार नाही. तुम्ही होय म्हणालात तर मी हा कागद फाईलला लावते आणि आपण सगळे घरी जातो. झाल्या होत्या का कांजिण्या?"

आईनं ठकीकडे पाहिलं नाही. माझ्याकडेही नाही. टेबलावर रक्तदाबाच्या यंत्राचा पट्टा पडला होता, त्याची सुरकुती ती तळहातानं सपाट करू लागली.

"आई," ठकी हसून म्हणाली, "सांग ना ग. बारा दिवस दार लावून बसली होतीस माझ्याजवळ, तूच सांगतेस ना सगळ्यांना? सांग की एकदा, म्हणजे ही गप्प बसेल. आणि तू काही म्हणालीस तरी बाळ तुझ्याकडेच येणार आहे, काळजी नको."

हे ती गमतीनं म्हणाली. आईचा हात पट्ट्यावरच थांबला.

"नव्हत्या," आई म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी फाईल बाजूला सारली.

"नव्हत्या झाल्या. कधीच नाही. कांजी सांडली होती. उकळती. पाठीवर. मालकीणबाईंनी ऐकलं काही नि समजल्या काही, मी होय म्हणाले. वैद्यालासुद्धा आणला नाही. कुणी पाहिलं असतं तर कळलं असतं. घरात मीच धुतलं, मीच बांधलं. पिकलं. ताप चढला. पाचव्या दिवशी पोर डोळे उघडेना, तेव्हा मी..." तिनं श्वास घेतला. "लिहा, नव्हत्या झाल्या म्हणून. मी अंगठा देते, सही देते, काय पाहिजे ते देते. औषध मागवा."

डॉक्टरीणबाईंनी पेन उघडलं. कागद ओढला, दोन ओळी लिहिल्या, आईपुढे ठेवल्या. आईनं सही केली, तिची ती मोठ्या गोल अक्षरांची सही, धोब्याच्या खुणेसारखी. अकरा बत्तीस झाले होते. "मी स्वतः फोन करते," म्हणत डॉक्टरीणबाई शेजारच्या खोलीत गेल्या. दाराच्या काचेतून त्यांचं डोकं हलताना दिसत होतं. मग त्यांनी आमच्याकडे पाहून अंगठा उंचावला. शनिवारी येणार होतं.

मी भिंतीला टेकले. त्या पाचव्या दिवशी तीन वर्षांच्या त्या एवढ्याशा पाठीत किती पांढऱ्या पेशी मेल्या असतील, कुणी न बोलावता, कुणी न सांगता, एकट्याच लढत, हे मला पहिल्यांदा कळलं. माझ्या बहिणीला वैद्यानं वाचवलं नव्हतं, आईनंही नव्हतं. तिला तिनंच वाचवलं होतं. आणि त्या लढाईत कांजिण्यांचा विषाणू नव्हताच, तर रक्त त्याला आठवणार कुठून?

ठकी उठली आणि आईच्या खुर्चीशी गुडघ्यावर बसली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ती हसत होती, सुटल्यासारखी. "एवढंच होय ग? अख्खा जन्म एवढंसं लपवलंस? पातेलं कलंडलं असेल. लहान पोरं घरात असली की होतं असं. आमच्या बालवाडीत रोज काहीतरी सांडतं."

"हो," आई म्हणाली. "कलंडलं."

"मग झालं तर. अपघात तो. कोण तुला काय म्हणणार?" ठकीनं आईचा हात उचलून आपल्या गालाला लावला. "पुसून टाक ते डोळे. वेडी कुठली."

मी आईकडे पाहत होते. सगळं संपलं होतं, औषध येणार होतं, आम्हाला हवं ते मिळालं होतं. मी आणखी काही विचारणार नव्हते. खरंच नव्हते.

आईनं हात ठकीच्या गालावरून हळूच काढून घेतला.

"पातेलं आपोआप कलंडलं नव्हतं," ती म्हणाली. "दवाखान्याचे चाळीस कोट द्यायचे होते त्या दिवशी. तू सकाळपासून रडत होतीस, पायाला बिलगली होतीस, सोडत नव्हतीस. मी झटकलं तुला. पायानं. जोरात." तिचा आवाज आता स्वच्छ होता, इस्त्री केल्यासारखा. "आणि स्टोव्ह कुठे आहे, ते मला ठाऊक होतं."